पासथ्रू उपकरणाचा इंटरप्ट कोणाचा?

व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क कार्ड थेट देऊन टाकणे म्हणजे पासथ्रू. गेस्टचा ड्रायव्हर कार्ड चालवतो आणि हायपरवायझर बाजूला होतो. निदान कागदावर तरी. पण कार्डाने दिलेला इंटरप्ट जातो प्रोसेसरकडे, आणि प्रोसेसर असतो हायपरवायझरच्या ताब्यात. गेस्टपर्यंत तो पोहोचवायचा कोणी?

जुन्या पीसीआय पद्धतीत इंटरप्टच्या रेषा चारच, त्याही अनेक उपकरणांत सामायिक. उपकरणाची दखल घेतली जाईपर्यंत रेषा सक्रियच राहते. दखल कशी घ्यायची हे ठाऊक फक्त गेस्टमधल्या ड्रायव्हरला, आणि त्याची पाळी तर अजून यायची असते. म्हणून होस्टला ती रेषाच बंद ठेवावी लागे. मग त्याच रेषेवरची डिस्कही ताटकळे. पीसीआय 2.3 ने एकट्या उपकरणाचा इंटरप्ट बंद करणारा बिट दिला, तेव्हा वाट निघाली.

एमएसआय पद्धतीत रेषाच गेल्या. ठरावीक पत्त्यावर उपकरणाने केलेले लेखन, हाच इंटरप्ट. आता तुम्ही हल्लेखोराच्या जागी बसून पाहा. कार्ड तुमच्या गेस्टकडे आहे. डीएमएने त्याच पत्त्यावर हवा तो आकडा लिहायला लावा, की बनावट इंटरप्ट तयार! रफाल वोयचुक आणि योआना रुटकोव्स्का यांनी 2011 मध्ये याच मार्गाने झेन हायपरवायझरवर ताबा मिळवून दाखवला. आयओएमयू असूनही, कारण डीएमएचे भाषांतर इंटरप्टच्या पत्त्यांना लागू होत नाही. त्यासाठी इंटरप्ट रिमॅपिंग वेगळे लागते: हायपरवायझरने भरलेल्या तक्त्यात पाहून, कोणत्या उपकरणाने कोणता इंटरप्ट पाठवला हे हार्डवेअर तपासते. त्या काळच्या अनेक यंत्रांत ही सोय नव्हतीच. अशा यंत्रांवर केव्हीएम पासथ्रू नाकारू लागले. तरीही हवेच असेल तर एक पर्याय ठेवला, पण त्याच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द घातला. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

राहिला वेग. प्रत्येक इंटरप्टला गेस्ट थांबवून हायपरवायझरमध्ये जावे लागे: एकदा इंटरप्ट आल्यावर, पुन्हा तो पूर्ण झाल्याचे कळवताना. हैफा येथील आयबीएम व टेक्निऑनच्या संशोधकांनी 2012 मध्ये ‘ईएलआय’ तंत्राने पासथ्रूचे इंटरप्ट सरळ गेस्टला दिले आणि प्रत्यक्ष यंत्राच्या 97 ते 100 टक्के वेग गाठला. पुढे इंटेलने पोस्टेड इंटरप्ट हार्डवेअरमध्येच आणले. त्यात इंटरप्टची नोंद मेमरीत होते, आणि गेस्ट चालू असेल तर तो न थांबता ती उचलतो. गेस्ट झोपलेला असेल, तर मात्र त्याला उठवायला आजही हायपरवायझरच लागतो.