वाय नंबरचं मशीन

शिराळ्याची नागपंचमी मुलखाला ठाऊक आहे ती नागांमुळं. आमच्याकडच्या शिंप्यांना मात्र तो सण म्हणजे डोळ्याला डोळा न लागण्याचे पंधरा दिवस. लेकी माहेराला यायच्या, पोराबाळांना अंगावर नवं काहीतरी लागायचं. पेठेतल्या शिंप्याकडं जायची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांची कापडं गल्लीतल्या एखाद्या घरातल्या हातमशीनवर शिवून व्हायची. असलं एक मशीन आमच्या घरात होतं.

वाटणीत भांडी, बैलं, कणगी सगळं मोजलं गेलं. मशीन कुणी धरलंच नाही. ते माळ्यावर पोत्याखाली पडून राहिलं. दहा-बारा वर्षांपूर्वी थोरल्या चुलत्यांच्या कानावर कुणीतरी घातलं, की जुन्या सिंगरच्या सुईत 'लाल पारा' असतो आणि त्याला लाखांनी पैसे येतात. ही आवई लांबून आलेली होती. २००९ साली सौदी अरबस्तानात तिनं असाच धुमाकूळ घातला होता आणि लोकांनी भंगारातल्या मशिनांना भरमसाट किमती मोजल्या होत्या. सुईत पोलादाशिवाय काही नसतं. पण त्या निमित्तानं मशीन खाली उतरलं. "इकायच्या आदी चालतंय का तेवढं बघ," म्हणून तात्यांनी ते माझ्याकडं दिलं.

चाक हलत नव्हतं. घरात मशीनचं तेल नसलं की खोबरेल घालायची आपल्याकडं पद्धत. ते खोबरेल वाळून त्याचा डिंक होतो नि सगळे सांधे धरून बसतात. मी प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडले, दोन दिवस तसंच ठेवलं. मग चाक जोर न लावता मागंपुढं डोलवत राहिलो. तिसऱ्या दिवशी ते फिरलं. दात्यांच्या खाली काळ्या-पांढऱ्या दोऱ्यांचा नि धुळीचा नमदा झाला होता, तो सुईच्या टोकानं उकरून काढला. मग मशीनचं तेल दिलं. वरच्या सोनेरी नक्षीला मात्र रॉकेल लावलं नाही. ते घासलं की सोनं उतरतं. मऊ फडक्याला तेलाचा हात लावून तेवढंच पुसलं.

मग प्रश्न आला, हे नेमकं कुठलं नि कधीचं? आमच्या घरात एक गोष्ट चालत आलेली. आजोबा मुंबईला गिरणीत होते. १९४८ साली, म्हणजे आमचं गाव अजून सातारा जिल्ह्यात असताना, त्यांचं लग्न झालं आणि त्यांनी आजीसाठी कोरं करकरीत मशीन आणलं. पेठ नाक्यापासून डोक्यावरनं आणलं, असंही सांगायचे.

मशीनवर मात्र दुसरंच लिहिलेलं होतं. खांबाच्या पायथ्याशी, उजव्या अंगाला नंबर असतो. पुसल्यावर आधी 'वाय' हे अक्षर दिसलं, मग आकडे. सिंगर कंपनीनं १९०० पासून नंबराच्या आधी अक्षर घालायला सुरुवात केली आणि अक्षरावरनं कारखाना कळतो. वाय हे स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकच्या कारखान्याचं अक्षर. ते १९२० नंतर सुरू झालं आणि १९३५ च्या सुमाराला संपलं. आतलं शटल गोल नव्हतं, होडीसारखं लांबट होतं नि बॉबिन काडीसारखी बारीक. आकार नेहमीच्या मशीनपेक्षा लहान. या खुणांवरनं ते सिंगरचं अठ्ठावीस नंबरचं मॉडेल ठरलं. म्हणजे आजोबांच्या लग्नात ते कमीत कमी बारा-तेरा वर्षांचं जुनं होतं. कोरं करकरीत नव्हतं, कुणाच्या तरी हाताखालनं आलेलं होतं.

क्लाईडबँकचा हा कारखाना एवढा मोठा, की त्याच्यासाठी बांधलेल्या रेल्वे स्टेशनचं नाव 'सिंगर' पडलं. १९८० साली कारखाना बंद झाला, स्टेशन अजून त्याच नावानं आहे. १९११ साली तिथं मोठा संप झाला. मशीनच्या लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांवर कामाचा बोजा वाढवला, म्हणून त्या उठल्या आणि त्यांच्यामागं सुमारे अकरा हजार कामगार बाहेर पडले. आपल्याकडं हे मशीन रुजवलं नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटानं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. एवढी महाग वस्तू खपली ती हप्त्यांवर. यंत्रांना नावं ठेवणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये या एका यंत्राला सूट दिली होती. बायकोचे शिवणाचे कष्ट बघून सिंगरनं ते प्रेमापोटी केलं, अशी त्यांची समजूत होती.

आमच्या घरातली समजूत अशीच होती, आजोबांच्या प्रेमाची. पण मशीन पुसताना मला आणखी एक गोष्ट दिसली. सुईच्या अलीकडं, जिथं डावा हात कापड सरकवतो, तिथली नक्षी पार गेली होती आणि काळ्या रंगावर बारीक, एकासारखे एक ओरखडे होते. पुरुषाच्या मनगटानं असे ओरखडे पडत नाहीत. ते काचेच्या बांगड्यांचे होते, शेकडो दिवसांचे. हौसेला कधीमधी शिवणाऱ्या बाईचे तर नव्हेतच.

आत्या पंचमीला आली तेव्हा मी तिला ते दाखवलं. तिनं त्या जागेवरनं बोट फिरवलं.

"आरं, आबांनी आणलं ह्ये खरं हाय. मुंबैत कुणाकडनं तरी जुनं घेतलं, पर उसनं पैसं काढून. ते फेडलं कुणी? आयनं. चोळ्या, झबली, लंगोट, काय म्हणशील ते शिवायची. कुणी आठ आणे द्यायचं, कुणी पायलीभर भात. तुझ्या बापाची शाळेची फी ह्याच्यातनंच गेली. आबांचा पैसा मुंबैसनं यायचा तवा यायचा."

तात्या शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. नाही म्हणालेही नाहीत.

आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं, मग दोघा मुलांचं आलं. आजीचं कधी लागलं नाही. आत्यानं हक्कसोड लिहून दिली. आजीनं आयुष्यभर केलेल्या कामाची नोंद आमच्या घरातल्या एकाही कागदावर नाही. जी आहे ती या लोखंडावर आहे, आणि रॉकेल लावून घासलं असतं तर तीही गेली असती. म्हणून जुनं मशीन दुरुस्त करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की चाक फिरतं करा, गंज काढा, पण रंग नवा देऊ नका. नंबरावरनं वर्ष कळतं. मशीन कुणाचं होतं ते झिजेवरनं कळतं.

विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. तात्याच म्हणाले, "अक्काला दे." लाकडी झाकणाच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला. त्यावर नंबर लिहिला, क्लाईडबँक लिहिलं आणि खाली आजीचं संपूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. आत्या आता त्याच्यावर नातवंडांच्या गोधड्या शिवते.