'टारझन' गाडीचं पुढे काय झालं?

आपली संस्था जेमतेम चार वर्षांची होती. ६ ऑगस्ट २००४ रोजी अब्बास-मस्तान यांचा 'टारझन : द वंडर कार' लागला. आपल्या लालबाग-परळच्या पोरांना त्यातल्या हिरोपेक्षा गाडीच जास्त आवडली!

ती घडवली होती मुंबईच्याच दिलीप छाब्रिया यांच्या 'डीसी डिझाइन'ने. मूळची जपानी टोयोटा एमआर-टू, दोन सीटची, इंजिन सीटच्या मागे. वरचा साज मात्र सगळा नवा.

चित्रपटात मुलाला वडिलांची गाडी भंगारात सापडते आणि तो ती पुन्हा उभी करतो. प्रत्यक्षात उलटं झालं. काही वर्षांनी हीच गाडी मुंबईत धूळ खात, पार रया गेलेल्या अवस्थेत सापडली. तिचे फोटो बघून त्या वेळची पोरं, आता बाप झालेली, हळहळली.

पण हे व्हायचंच होतं. शोसाठी केलेल्या गाडीला शो संपल्यावर काम उरत नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर बसतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, पावसाळ्यात पत्रा गंजतो. शिवाय खास बनवलेला भाग तुटला, तर तो खेतवाडी-ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत थोडाच मिळणार?

याउलट कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी. दिसायला साधी, पण गल्लीतल्या कुठल्याही मेकॅनिकला तिची नस ठाऊक. म्हणून तर ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून मुंबईत टिकली.

हे सगळं सांगायचं कारण आपल्या पंपरूमशेजारी आहे. कव्हरखाली तिथे एक पद्मिनी कित्येक वर्षं उभी आहे. तिच्यातून आपल्या इमारतीतल्या दोन नवऱ्या मुलांच्या वराती निघाल्या, रात्री-अपरात्री पेशंट केईएमला पोहोचले. आता पार्किंगची अडचण आहे, ती हलवा म्हणणाऱ्या सभासदांचंही चुकत नाही. तिचे मालक आज हयात नाहीत, मुलं परगावी आहेत.

माझी कार्यकारिणीला एवढीच विनंती : भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्या मुलांना एक फोन करा. पद्मिनीचे पार्ट शोधले तर अजून मिळतात, चालवणारा हौशी माणूसही मिळेल. नाहीच जमलं, तर निदान तिचा नीट फोटो काढून संस्थेच्या दप्तरी ठेवू या.