दुहेरीचा स्वतंत्र पेशा

टेनिसमधील केवळ दुहेरी खेळून उपजीविका करणारा खेळाडू ही तुलनेने अलीकडची निर्मिती आहे. 1968 मध्ये प्रमुख स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्यानंतरही जॉन मॅकेन्रोसारखे एकेरीतील अग्रणी खेळाडू दुहेरीतही अव्वल स्थानी होते; पुढे एकेरीतील बक्षिसे आणि शारीरिक ताण वाढत गेला, तसे त्यांनी दुहेरीतून अंग काढून घेतले आणि ती जागा केवळ दुहेरी खेळणाऱ्यांकडे गेली. लिअँडर पेस व महेश भूपती यांनी 1999 मध्ये चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची अंतिम फेरी गाठून फ्रेंच व विम्बल्डन विजेतेपदे मिळवली, ती याच स्थित्यंतराच्या काळात. आयोजकांना मात्र दुहेरी खर्चिक वाटू लागली होती. 2005 मध्ये नियमबदलांच्या प्रस्तावावरून खेळाडू थेट न्यायालयात गेले. तडजोडीअंती एटीपी स्पर्धांत 40-40 या बरोबरीनंतरचा एकच गुण गेम ठरवू लागला आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक आला. सामने आटोपशीर झाले, पण नशिबाचा वाटाही वाढला. अर्धेच कोर्ट सांभाळावे लागत असल्याने, आणि सर्व्हिस, व्हॉली व जोडीदाराशी समन्वय यांना वेगापेक्षा अधिक मोल असल्याने, दुहेरीतील कारकीर्द लांबते: 2019 व 2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपन जिंकणारा रोहन बोपण्णा 2024 मध्ये, 43व्या वर्षी, प्रथमच जागतिक क्रमवारीत अव्वल ठरला.