इन्सुलिनरोध, तीव्र आनुवंशिक

इन्सुलिन मुबलक असूनही जनुकदोषामुळे पेशी त्याला दाद देत नाहीत, अशा दुर्मीळ विकारांचा गट. मधुमेह जडल्यावर काहींना रोज २०० युनिटांहून अधिक इन्सुलिन टोचूनही साखर आटोक्यात येत नाही.

इन्सुलिन पेशीवरील ग्राहीला चिकटले की पुढचे काम सुरू होते. ग्राहीचे जनुक १९व्या गुणसूत्रावर असते. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असल्यास डोनोह्यू विकार होतो. बाळ जन्मतःच खुरटलेले असते आणि बहुधा तान्हेपणीच दगावते. ग्राहीचे काही कार्य शिल्लक असल्यास रॅबसन-मेंडनहॉल विकार (१९५६) होतो. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घराण्यांत एकच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो.

दुसरा गट मेदलोपाचा, म्हणजे अंगावरची चरबी नाहीशी होण्याचा. स्कॉटलंडमधून १९७४ मध्ये वर्णिलेल्या डनिगन प्रकारात वयात येताना हातापायांवरची चरबी ओसरते, शिरा उठून दिसतात, चेहरा व मान मात्र भरते. लॅमिन-ए जनुकाशी त्याचा संबंध २००० मध्ये उलगडला. साठायला जागा न उरलेली चरबी यकृतात उतरते. रक्तातले ट्रायग्लिसराइड कधी इतके चढते की स्वादुपिंडाला सूज येते. ग्राहीच्या दोषात यकृत व ट्रायग्लिसराइड सहसा ठीक राहतात; निदानात हा फरक फार मोलाचा. मेदलोपाचे पुरुष रुग्ण नुसते पिळदार वाटतात आणि निदान हुकते.

चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते हे महत्त्वाचे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सर्वसामान्य मधुमेहाबाबतही ठसवले. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली त्यांनी व जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली: दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

मानेवर व काखेत काळसर, मखमली, जाड त्वचा ही ठळक खूण. घरचे तिला मळ समजून घासत बसतात. मुलींत चेहऱ्यावर केस येतात, पाळी चुकते. सडपातळ मुलीत हे सारे दिसले तर संशय घ्यायलाच हवा. त्यासाठी देवगडच्या दवाखान्यातही डोळे पुरतात. जनुकचाचणीसाठी रक्ताचा नमुना शहरात पाठवता येतो.

उपचारांत मेटफॉर्मिन, मेदलोपात कमी स्निग्ध आहार. सार्वदेहिक मेदलोपासाठी मेट्रेलेप्टिनला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. डनिगन प्रकारात प्रत्येक अपत्याला दोष जाण्याची शक्यता निम्मी असल्याने भावंडांची साखर व ट्रायग्लिसराइडही तपासतात.