औषध आणि सोबत



मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता पेण मागें टाकून वडखळास आला, कीं तेथें त्यास अलिबागेचा फांटा फुटतो. आज ज्या रोगाचा इतिहास मी सांगणार आहें, त्यांतील दोन मोठे प्रसंग याच रस्त्याच्या दोन टोकांस घडले. एक गोव्यास व दुसरा मुंबईस. हा रोग म्हणजे एच्. आय्. व्ही. या विषाणूची बाधा.

आपल्या देशांत तिचा शोध १९८६ सालीं चेन्नईस डॉ. सुनीति सॉलोमन यांच्या देखरेखीखालीं झालेल्या तपासणींत लागला. त्या वेळीं औषध नव्हतें; भीति मात्र भरपूर होती. १९८९ सालीं गोव्यांतील डॉमिनिक डिसोझा या तरुणानें रक्तदान केलें आणि त्याच्या रक्तांत बाधा आढळली. पोलिसांनीं त्यास नेलें व आरोग्यविषयक कायद्याच्या आधारें ६४ दिवस एकाकी कोंडून ठेवलें. अपराध कांहींच नव्हता. त्याची आई लूसी हिनें उच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि पुढें त्या कायद्यांतील सक्ती सैल झाली. १९९२ सालीं डॉमिनिक वारला. परंतु त्याच्या पुढाकारानें ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही बाधितांस आधार देणारी संस्था उभी राहिली. औषध हातीं नसतां माणसाची सोबत हाच काय तो उपचार, हें त्यानें ओळखलें होतें.

१९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची रीति पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आणि तेथील मृत्यु झपाट्यानें घटले. पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांहून अधिक! आपल्या गरीब रुग्णास तें औषध असून नसल्यासारखेंच होतें. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनीं तींच औषधें वर्षास ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसास एका डॉलरहूनही कमी किंमतींत, देऊं केलीं. साऱ्या जगाचा हिशेब बदलला. पुढें १ एप्रिल २००४ पासून सरकारनें हीं औषधें मोफत देण्यास आरंभ केला. आरंभींच्या आठ केंद्रांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय होतें.

येथें कथा संपावयास हवी होती. पण खरी कसोटी येथेंच सुरू झाली. हें औषध विषाणूस समूळ नाहींसा करीत नाहीं. त्याची वाढ रोखून धरतें. म्हणून तें जन्मभर, रोज आणि नेमक्या वेळीं घ्यावें लागतें. आरंभीं बहुतेकांस दिवसांतून दोन वेळां मात्रा घ्यावी लागे. म्हणजे महिन्यास साठ. शेंकडा ९५ ही नेमाची मर्यादा मानली गेली. साठांतील तीन चुकल्या, कीं ती गांठली! शाळेंत इतकी कडक हजेरी मीं कोणत्याही मुलाकडून मागितली नाहीं. खंड पडला तर विषाणु पुन्हां वाढतो, आणि औषधास न जुमानणारे त्याचे प्रकार उत्पन्न होतात. उलट नेम पाळला, तर रक्तांतील त्याचें प्रमाण तपासणींतही न सांपडण्याइतकें खालीं येतें, आणि तसें तें राहिलें तर शरीरसंबंधांतून बाधा दुसऱ्यास होत नाहीं. आतां बहुतेकांस दिवसास एकच गोळी पुरते.

मग नेम मोडतो कां? विसरण्यानें थोडा, लपविण्यानें फार. घरांत डबी दिसेल म्हणून पाहुणे असतां गोळी राहते. जवळच्या केंद्रावर कोणी ओळखेल म्हणून माणूस दूरचें शहर गांठतो. वडखळच्या फांट्यावरून अलिबागची जवळची वाट सोडून मुंबईची गाडी धरणाऱ्याचा विचार करा. भाडें जातें, दिवसाची मजुरी बुडते. एखाद्या महिन्यास पैसे नसतात, आणि गोळ्या संपतात. त्याची वाट रोगानें लांबविली नाहीं. आपल्या नजरेनें लांबविली.

कायद्यानें आपलें काम बरेंच केलें आहे. केवळ बाधा आहे म्हणून काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाची नोकरी नाकारतां येत नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयानें १९९७ सालीं ठरविलें. २०१७ सालीं संसदेनें केलेला कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आला. बाधिताशीं भेदभाव करण्यास त्यानें मनाई केली, आणि त्याच्या संमतीवांचून त्याची बाधा उघड करण्यासही. २०१७ पासून निदान होतांच प्रत्येकास औषध देण्याचें धोरणही आलें.

परंतु रात्रीं नऊ वाजतां गोळीची आठवण करून द्यावयास न्यायालय येत नाहीं. तें काम घरच्यांचें, स्नेह्यांचें, केंद्रावरील समुपदेशकाचें. कोणी विश्वासानें आपणांस सांगितलें, तर तें आपल्यापाशींच ठेवावें. कोठून झालें, कसें झालें, हें विचारूं नये. गोळीची वेळ दिवेलागणीसारख्या रोजच्या कामाशीं जोडून द्यावी. एक दिवस चुकला तर रागावूं नये. पुढचा चुकूं नये म्हणून सोबत करावी.

ज्या काळीं औषध नव्हतें, त्या काळीं आपण एका निरपराध माणसास ६४ दिवस कोंडलें. आतां औषध आहे, तेंही मोफत. तें घेणाऱ्यास घरांतल्या घरांत लपून बसावें लागूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.