जागा हलवणाऱ्याने चिठ्ठी ठेवावी

२०२५ ची बकरी ईद ७ जूनला होती. दुपारी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पुण्यात क्लाउड सेवा देणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो. त्याच्या अब्बांना अजूनही त्याचे काम नेमके सांगता येत नाही, म्हणून मीच विचारले. तो हसला आणि म्हणाला, "सर, मी लिंका तपासतो."

मग त्याने समजावून सांगितले. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जागेवरचे, भाड्याने घेतलेले संगणक. ते कसे वापरायचे हे सांगणारी हजारो पाने कंपन्या लिहितात. प्रत्येक पान दुसऱ्या दहा पानांकडे बोट दाखवते : आधी हे वाचा, परवानगीसाठी तिकडे जा, जुनी पद्धत इथे पाहा. सेवा सतत बदलतात, त्यांची नावे बदलतात, पाने हलतात, पण बोट जुन्याच जागेकडे दाखवत राहते. रात्री दोन वाजता एखाद्या इस्पितळाची यंत्रणा बंद पडली आणि दुरुस्ती करणाऱ्याने लिंक दाबल्यावर '४०४' आले, म्हणजे पानच सापडले नाही, तर त्याने जायचे कुठे?

मला वाटले, हे काम तर मी ओळखतो. त्याच आठवड्यात ते माझ्या टेबलावर येऊन पडले.

आदल्या दिवशी, ६ जूनला, केंद्र सरकारने वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठी 'उमीद' पोर्टल सुरू केले होते. मुदत सहा महिन्यांची होती. आमच्या भागातल्या एका मशिदीचे मुतवल्ली चाचा कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत तीन कागद होते : निजामकाळातला उर्दू मुंतखब, म्हणजे इनामाच्या चौकशीनंतर मिळालेला दाखला, वक्फच्या गॅझेटची झेरॉक्स आणि आजचा सातबारा. तिन्ही कागद एकाच जमिनीचे होते, पण एकही दुसऱ्याला ओळखत नव्हता.

मुंतखबावर साल होते १३४१. चाचांना कुणीतरी सांगितले होते की हे हिजरी साल आहे, म्हणजे १९२२-२३. पण हैदराबाद संस्थानाचा महसुली कारभार फसली सालावर चाले. त्याचे वर्ष ६ ऑक्टोबरला, आजुर महिन्यापासून सुरू होई. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणून १३४१ फसली म्हणजे १९३१-३२. साल ओळखण्यातच नऊ वर्षांची चूक झाली होती.

तालुका लिहिला होता 'मोमिनाबाद'. नव्या पिढीला बीड जिल्ह्यात हा तालुका सापडणार नाही. आजचे अंबाजोगाई त्या काळी मोमिनाबाद होते.

आणि मुख्य गाठ पुढे होती. मुंतखबात आणि गॅझेटमध्ये सर्व्हे नंबर होता, सातबाऱ्यावर गट नंबर. जमीन एकत्रीकरण योजनेत अनेक गावांचे जुने सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. चाचा ज्या गटाचा सातबारा घेऊन आले होते त्याचे क्षेत्र मुंतखबातल्या क्षेत्रापेक्षा बरेच कमी होते. "बाकीची जमीन कुठं गेली, मास्तर?" त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर एका तक्त्यात होते. योजना राबवताना तेव्हाच्या कर्मचाऱ्यांनी एका रकान्यात जुना सर्व्हे नंबर आणि दुसऱ्यात नवा गट नंबर लिहून ठेवला होता. तीन आठवडे खेटे घातल्यावर त्याची नक्कल मिळाली. आमच्या सर्व्हे नंबरसमोर दोन गट होते. चाचा एकाच गटाची नोंद करायला निघाले होते. तो तक्ता मिळाला नसता, तर अर्धी जमीन कुणी न बळकावताही नोंदीबाहेर राहिली असती.

तो तक्ता करणाऱ्या कारकुनाचे नाव मला माहीत नाही. पण माझ्या विद्यार्थ्याचे काम त्याने कित्येक वर्षे आधी करून ठेवले होते.

आपल्याकडे ही शिस्त जुनीच आहे. सातबारा नीट पाहा. नावांशेजारी वर्तुळात आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. तो आकडा घेऊन गाव नमुना सहाच्या नोंदवहीकडे गेले की नाव कधी आणि कशाने बदलले, खरेदीने की वारसाने, ते कळते. जुने नाव खोडले तरी कंसात दिसत राहते. ही कागदावरची लिंकच आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांवरही सुरुवातीला आधीच्या निर्णयांचे संदर्भ असतात आणि शेवटी संगणकीय सांकेतांक. त्याची सुरुवातच वर्ष, महिना आणि दिवस यांनी होते. संकेतस्थळाची मांडणी उद्या बदलली, तरी त्या आकड्यावरून निर्णय शोधता यावा, हा त्यामागचा उपयोग. अलीकडे सातबाऱ्यालाही अकरा अंकी भू-आधार क्रमांक मिळाला आहे.

त्याही मागे गेलो, तर आपल्या मुहद्दिसांनी या विषयाचे शास्त्रच केले. हदीस सांगणाऱ्याला विचारले जाई, तू कुणाकडून ऐकलेस आणि त्याने कुणाकडून? ही साखळी म्हणजे इस्नाद. मधला एक दुवा गळाला, तर ती 'मुनकते', म्हणजे तुटलेली. मजकूर कितीही सुंदर असला तरी तुटलेली साखळी अखंड म्हणून खपवता येत नसे. जुन्या हस्तलिखितांत तर पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहीत. त्याला रिकाब म्हणतात. पाने सुटी झाली तरी क्रम लावता यावा, एवढ्यासाठी.

मग इंटरनेटवरच लिंक इतकी कच्ची का राहिली? कारण ती एकतर्फी आहे. १९६० च्या दशकात टेड नेल्सन यांनी 'हायपरटेक्स्ट' हा शब्द दिला, तेव्हा त्यांच्या मनात दोन्हीकडून जोडलेले दुवे होते. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. त्यांच्या वेबवर कुणीही कुणाच्याही पानाकडे विचारल्याशिवाय बोट दाखवू शकतो. त्यामुळेच वेब एवढ्या वेगाने पसरले. पण ज्याच्याकडे बोट आहे त्याला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून तो निघून गेला तरी कुणाला कळत नाही. १९९८ मध्ये खुद्द बर्नर्स-लींनीच लिहिले की चांगले पत्ते बदलत नसतात, ते माणसे बदलतात.

त्याची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये सांगितले की २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. हार्वर्डच्या अभ्यासकांना २०१४ मध्ये दिसले की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या लिंकांपैकी निम्म्या लिंका मूळ मजकुराकडे नेत नव्हत्या. निकाल शाबूत, पण त्याचा आधार गायब.

यावर उपाय अवघड नाही. पान हलवले, तर जुन्या पत्त्यावर '३०१' ही खूण ठेवता येते : कायमचे हलवले आहे, नवा पत्ता हा. कायमचे काढून टाकले असेल तर '४१०'. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपली तांत्रिक कागदपत्रे 'डॉक्स' या पत्त्यावरून 'लर्न' या पत्त्यावर नेली, तेव्हा जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर पोहोचवण्याची सोय ठेवली. पुढच्या वर्षी 'अॅझुर अॅक्टिव्ह डिरेक्टरी'चे नाव 'एन्ट्रा आयडी' केले. जुन्या नावाने शिकलेला माणूस नव्या नावापर्यंत पोहोचला पाहिजे, हे काम त्यानंतरही संपत नाही.

नावे बदलतात. मोमिनाबादचे अंबाजोगाई झाले, आणि २०२३ मध्ये आमच्या शेजारच्या दोन जिल्ह्यांचीही नावे बदलली. नाव कोणते असावे हा वाद वेगळा. पण जुन्या नावाच्या कागदावर ज्याचा हक्क टिकून आहे, त्याच्यासाठी दोन्ही नावे जोडणारी ओळ कुठेतरी लिहिलेली असलीच पाहिजे. ओबीसी प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधणारी बागवान, तांबोळी, खाटीक मुले माझ्याकडे उर्दू दाखल-खारीज रजिस्टरच्या नकला घेऊन येतात. त्यांचे शिक्षण या एका ओळीवर लटकलेले असते.

म्हणून प्रत्येक मशीद, दर्गा, कब्रस्तानाच्या कमिटीला माझी विनंती आहे. एक वही घाला. पाच रकाने पाडा : मुंतखबाचे फसली साल आणि इसवी सन, गावाचे आणि तालुक्याचे जुने-नवे नाव, सर्व्हे नंबर, गट नंबर, पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक. कागद स्कॅन करून क्लाउडवर ठेवले म्हणजे काम झाले, असे समजू नका. कागद जपणे वेगळे आणि कागदापर्यंतची वाट जपणे वेगळे.

चाचांच्या वहीत आता दोन्ही गट आहेत. मी खाली माझे नाव आणि तारीख लिहिली. ज्या कारकुनाचे नाव मला कळले नाही, त्याचे एवढे तरी देणे होते.