मत्स्यविज्ञानातील नकाशातज्ज्ञ

मासळी पाण्याखाली वावरते आणि एका जागी स्थिर राहत नाही. कोणती जात कोणत्या हंगामात, किती खोलीवर आणि कोठे आढळते, याची अक्षांश-रेखांशांसह मांडणी करणे हे मत्स्यविज्ञानातील नकाशातज्ज्ञाचे मुख्य काम होय. या शाखेला मोठी परंपरा आहे. इंग्लंडमधील ग्रिम्सबी बंदरातील ओ. टी. ऑल्सेन यांनी १८८३ मध्ये उत्तर समुद्रातील मासळीचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला होता. आज कागदाची जागा भौगोलिक माहिती प्रणालीने म्हणजेच 'जीआयएस'ने घेतली आहे.

उपग्रहापासून बंदरापर्यंत

भारतात या कामाचे सर्वांत परिचित फलित म्हणजे 'संभाव्य मत्स्यक्षेत्रा'ची सूचना. हैदराबाद येथे १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) ही सूचना मराठीसह विविध भाषांतून प्रसृत करते. उपग्रह मासे पाहत नाही. तो पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्याचे प्रमाण टिपतो. थंड व उबदार पाण्याच्या सीमेवर वनस्पतिप्लवक वाढले, की त्यामागोमाग लहान व मोठी मासळी येण्याची शक्यता वाढते. ही सीमारेषा नकाशावर आखून बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली कळवली जाते. मासळीचा शोध घेण्यात जाणारा वेळ व डिझेल वाचावे, हा यामागील हेतू होय. आकाश ढगाळ असल्यास मात्र उपग्रहाला पाण्याचा रंग व तापमान नीट टिपता येत नाही आणि सूचना देणे अशक्य होते.

अचूकतेची जबाबदारी

सर्वेक्षण नौकांच्या नोंदी, बंदरावर उतरलेल्या मासळीची आकडेवारी, खोलीची मापे आणि उपग्रहचित्रे एकत्र जुळवावी लागतात. प्रत्येक नोंदीचा संदर्भ वेगळा असतो. जुने भारतीय नकाशे 'एव्हरेस्ट' या पृथ्वीच्या गणिती आकारावर, तर जीपीएस 'डब्ल्यूजीएस-८४' या प्रमाणावर आधारलेले आहे. रूपांतर न करता ते एकमेकांवर ठेवले तर ठिकाण जागचे सरकते. जमिनीवर अशी चूक खुणेवरून ध्यानात येते, समुद्रावर खूण नसते. लहान मासळीची वाढ होणारे क्षेत्र चुकीच्या जागी दाखवले गेले, तर संरक्षण भलत्याच पाण्याला मिळते.

नकाशावर नसलेला समुद्र

कोकणातील डोल जाळी ठरावीक जागी रोवलेल्या 'कवीं'ना बांधली जातात. या जागांवरून वसई व पालघरच्या मच्छीमारांत वाद झालेले आहेत. अशा पारंपरिक जागा कोळी समाजाला तोंडपाठ असतात, परंतु सरकारी नकाशांत त्यांची नोंद क्वचितच आढळते. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये वाढवण बंदराला मंजुरी दिली. मासेमारीचे क्षेत्र जाईल या कारणास्तव स्थानिक मच्छीमारांचा त्यास विरोध राहिला आहे. अशा वेळी ज्या जागेची नोंद नाही, तिच्या नुकसानीचे मोजमापही अवघड होते. म्हणूनच जाणत्या तांडेलांकडून माहिती घेऊन ती नकाशावर उतरवणे हे उपग्रहचित्राच्या अभ्यासाइतकेच मोलाचे ठरते. या माहितीचा गैरवापर होऊन एखाद्या जागी नौकांची गर्दी होऊ नये, हेही पाहावे लागते.

शिक्षण

मत्स्यविज्ञान, सागरविज्ञान किंवा भूगोल यांपैकी एका विषयाची पदवी, दूरसंवेदन व जीआयएसचे प्रशिक्षण आणि संख्याशास्त्राची जाण आवश्यक असते. रत्नागिरीतील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात पदवीचे, तर मुंबईतील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण मिळते. डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरसंवेदनाचे अभ्यासक्रम चालवते. 'क्यूजीआयएस' ही प्रणाली विनामूल्य असल्याने सराव घरीही करता येतो. मात्र संगणकावरील रेषा खरी की खोटी, याचा निवाडा अखेर जाळे पाण्यात पडल्यावरच होतो. त्यामुळे बंदरावर आणि नौकेवर काही काळ काढल्याशिवाय हे शिक्षण पूर्ण होत नाही.